कॅमेरा दुरुस्तीला परदेशी चाललाय? आधी त्याची ओळख कागदावर आणा

आजचा विषय ऐकायला जरा रूक्ष आहे, पण थेट खिशाला लागणारा आहे. कॅमेरा किंवा लेन्स दुरुस्तीसाठी परदेशी पाठवायची, ती नीट परत आणायची, आणि मधे कस्टम्सची जी कागदपत्रं लागतात ती कशी करायची. या भागात फॉर्मची नावं, कलमं, आकडे बरेच आहेत. बसमध्ये हेडफोन लावून ऐकताना ते लिहून घेणं अवघड. म्हणून नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहूनही देतोय.

मला बहुतेक वेळा प्रश्न येतो तो असा: "दादा, लेन्स माझीच आहे, बिल माझ्याच नावावर आहे. दुरुस्त होऊन परत येतेय, तर मग ड्युटी कसली?" प्रश्न रास्त आहे. पण कस्टम्सच्या टेबलावर जेव्हा खोका उघडतो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला तुम्ही दिसत नसता. त्याला दिसते परदेशातून आलेली एक महागडी वस्तू. ती "आयात" आहे की "घरी परतलेली" आहे, हे ठरतं फक्त कागदावर. आणि तो कागद वस्तू परत येताना बनत नाही, ती देशाबाहेर जाताना बनवावा लागतो. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

आधी बघा, पाठवायची खरंच गरज आहे का?

माझ्याकडे एक जुना लायका एम६ आहे. हे मॉडेल १९८४ साली आलं. शटर पूर्ण यांत्रिक, म्हणजे बॅटरी नसली तरी फोटो निघतो. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला. माझ्या कॅमेऱ्याच्या दोन तक्रारी होत्या. रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नव्हत्या, आणि मीटर बंद पडला होता.

मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, जुने मेकॅनिकही आहेत. मी आधी तिथे गेलो. लेन्समधली बुरशी, तेलकट झालेली ॲपर्चरची पाती, अडकलेलं फोकस रिंग, रेंजफाइंडरचं ॲडजस्टमेंट ही कामं आपल्याकडे उत्तम होतात. आपल्या पावसाळ्यात, त्यात कोकणपट्टीत, बुरशी तर घरोघरची. त्यासाठी लेन्स परदेशी पाठवायचं काही कारण नाही.

माझा कॅमेरा बघून तिथले काका म्हणाले, "रेंजफाइंडर करून देतो. पण मीटरचं सर्किट गेलंय आणि तो पार्ट माझ्याकडे नाही. उगाच उघडून ठेवत नाही." असं स्पष्ट सांगणारा मेकॅनिक मिळणं भाग्याचं. मग दोन्ही कामं एकत्रच करून घ्यायची असं ठरवून मी जर्मनीतल्या एका छोट्या वर्कशॉपला ईमेल केला.

म्हणजे परदेशी कधी पाठवायचं? सुटा भाग इथे मिळत नसेल, त्या मॉडेलचं सर्व्हिस सेंटर भारतात नसेल, किंवा ज्या यंत्रावर तपासणी करायची ते यंत्रच इथे नसेल तेव्हा. आणि दुरुस्ती, दोन्हीकडचं भाडं, विमा, ड्युटी हे सगळं मिळून वस्तूच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर दोनदा विचार करा.

नियम काय म्हणतो?

कस्टम्स कायदा १९६२. त्याचं कलम २० साधारण असं सांगतं: भारतातून बाहेर गेलेली वस्तू परत आली, की ती नव्यानं आयात झाली असंच धरायचं. म्हणजे मूळ नियम तुमच्या विरुद्ध आहे. "माझीच आहे" हे आपोआप मान्य होत नाही.

मग सूट कुठे आहे? ती आहे ३० जून २०१७ च्या अधिसूचनेत. नंबर ४५/२०१७-कस्टम्स. हा नंबर फोनमध्ये सेव्हच करून ठेवा. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू परत आली, तर ड्युटी तिच्या पूर्ण किमतीवर लावायची नाही, असं ही अधिसूचना सांगते. तीन गोष्टींची बेरीज करायची: दुरुस्तीचा वाजवी खर्च (त्यात वापरलेले पार्ट आले), जाता-येताचं भाडं, आणि विमा. ड्युटी फक्त त्या बेरजेवर.

अटी तीन आहेत. वस्तू तीन वर्षांच्या आत परत यायला हवी. मधल्या काळात मालकी बदललेली नसावी. आणि गेलेली वस्तू नि आलेली वस्तू एकच आहे, अशी कस्टम्सच्या असिस्टंट किंवा डेप्युटी कमिशनरची खात्री पटायला हवी.

पहिल्या दोन अटी सोप्या आहेत. सगळा खेळ तिसरीचा. "खात्री पटायला हवी" म्हणजे ती पटवून देणं आपलं काम.

हिशेब करून बघू

समजा, तुमच्या लेन्सची किंमत १,२०,००० रुपये. दुरुस्ती १८,००० रुपयांची. जाता-येताचं भाडं आणि विमा मिळून १२,००० रुपये. हे आकडे फक्त उदाहरणासाठी. मूळ कस्टम ड्युटी वस्तूच्या टॅरिफ हेडिंगप्रमाणे बदलते, म्हणून ती जरा बाजूला ठेवू आणि फक्त १८ टक्के जीएसटी बघू.

सूट मिळाली तर कर लागतो ३०,००० रुपयांवर. म्हणजे ५,४०० रुपये.

कागद नसतील तर तो लागतो १,२०,००० रुपयांवर. म्हणजे २१,६०० रुपये, आणि भाडं-विमा धरला तर त्याहून जास्त.

लेन्स तीच, दुरुस्ती तीच. फरक सोळा हजार दोनशेचा. नुकतंच लग्नाचं शूट घ्यायला लागलेल्या मुलासाठी हे एका ऑर्डरचे पैसे असू शकतात.

खोका बंद करण्याआधीचे कागद

मी फोनमध्ये एक फोल्डर केला आणि त्यात या गोष्टी एकेक करून टाकल्या.

एक, सिरीयल नंबरचे फोटो. माझ्या एम६वर तो वरच्या फ्लॅश-शूवर कोरलेला आहे. लेन्सवर तो बहुधा पुढच्या रिंगवर किंवा नळीवर असतो. एक फोटो जवळून, नंबर स्वच्छ वाचता येईल असा. दुसरा लांबून, पूर्ण वस्तू दिसेल असा. ओरखडे, पोचा असेल तर त्याचाही. वस्तू ओळखू येते ती अशा खुणांवरूनच.

दोन, मालकीचा पुरावा. मूळ बिल. सेकंडहँड घेतला असेल तर विकणाऱ्याशी झालेला व्यवहार, बँकेतून गेलेले पैसे, आणि तुमचं सहीचं निवेदन.

तीन, वर्कशॉपचा अंदाजपत्रकाचा ईमेल आणि त्यांनी दिलेला जॉब नंबर. पार्सल "दुरुस्तीसाठीच" गेलं, हे यावरून सिद्ध होतं.

चार, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. हे इंग्रजीत बनवा. वर ठळक लिहा: "फॉर रिपेअर अँड रिटर्न, नॉट फॉर सेल". खाली प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ हवी: नाव, मॉडेल, सिरीयल नंबर, बनलेला देश, किंमत. बॉडी आणि लेन्स दोन्ही जात असतील तर दोन ओळी. मला रेंजफाइंडर लेन्सबरोबर जुळवून हवा होता, म्हणून दोन्ही पाठवलं आणि दोन ओळी लिहिल्या. टॅरिफ हेडिंगही टाकायचं. डिजिटल कॅमेरा ८५२५ मध्ये येतो, फिल्म कॅमेरा ९००६ मध्ये, आणि कॅमेऱ्याची सुटी लेन्स ९००२ मध्ये.

किमतीबद्दल एक सांगतो. "ड्युटी कमी लागेल म्हणून शंभर डॉलर टाक" असं सांगणारे बरेच भेटतील. ऐकू नका. वस्तू हरवली तर विमा तेवढाच मिळणार. शिवाय जाताना शंभर आणि येताना हजार दिसले, तर ही तीच वस्तू आहे का, अशी शंका तुम्हीच निर्माण केलेली असते. आज बाजारात तुमच्या वस्तूला जी किंमत येईल ती प्रामाणिकपणे लिहा.

पाच, शिपिंग बिल. भारतातून माल बाहेर जाताना कस्टम्सकडे दाखल होणारा हा निर्यातीचा कागद. सगळ्या फाइलमध्ये सगळ्यात मोलाचा हाच. कुरिअर कंपनीच्या काउंटरवर नुसतं पार्सल देऊन आलात, तर तुमचा सिरीयल नंबर कस्टम्सच्या रेकॉर्डवर जाईलच असं नाही. म्हणून बुकिंग करतानाच सांगा: "हे रिपेअर अँड रिटर्न आहे, मला फॉर्मल क्लिअरन्सनं शिपिंग बिल हवंय, आणि त्यात सिरीयल नंबर हवा." काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसेल तर त्यांच्या क्लिअरन्स विभागाशी बोला. तिथेही नाही जमलं, तर कस्टम्स ब्रोकर गाठा. बाजारात त्याला अजून सीएचए किंवा क्लिअरिंग एजंट म्हणतात. मुंबईत सहारच्या एअर कार्गो कॉम्प्लेक्सच्या आसपास यांची ऑफिसं आहेत. फी आधी ठरवून घ्या.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, लागतो का? वस्तू स्वतःच्या वापराची असेल, धंद्याशी संबंध नसेल, तर लागत नाही. केवायसीसाठी आधार, पॅन पुरतं. पण कॅमेरा तुमच्या व्यवसायाचा असेल तर आयईसी काढा. डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर परत येताना तो नंबरही कागदावर टाकायला सांगा, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं.

बॅटरी काढा, विमा घाला

लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या पाठवणं हे मोठं झंगट आहे. १ एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. वर्कशॉपकडे स्वतःच्या बॅटऱ्या असतात. तेव्हा आधी त्यांना विचारा आणि बॅटरी घरीच ठेवा. माझ्या एम६च्या मीटरला बटणासारखे छोटे सेल लागतात, तेही मी काढले. मेमरी कार्ड, पट्टा, फिल्टर, हूड काहीच पाठवू नका. जे गेलं नाही ते हरवत नाही, आणि यादीही छोटी राहते.

पॅकिंग खोक्यात खोका. आतल्या खोक्यात फोम, सिलिका जेलच्या दोन पुड्या. बाहेरच्या आणि आतल्या खोक्यामध्ये चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर भरण हवं. बाहेर ब्रँडचं नाव दिसेल असा खोका वापरू नका.

आता विमा. "कुरिअरनं हरवलं तर भरपाई देतीलच ना?" देतील, पण किती ते बघा. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत मालाच्या भरपाईची मर्यादा माँट्रियल कराराने ठरते आणि ती वजनावर असते, किमतीवर नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयात धरलं तर किलोमागे साधारण तीन हजारांच्या आसपास. म्हणजे दीड किलोच्या पार्सलमधली सव्वा लाखाची लेन्स हरवली, तर हातात येणार पाच हजारांच्या आत! म्हणून पूर्ण किमतीचा ट्रान्झिट विमा वेगळा घ्या, जाताना आणि येताना दोन्ही वेळचा. पॉलिसीत "वापरलेली वस्तू" चालते का, हेही वाचून घ्या.

तिकडची बाजू विसरू नका

आपण आपल्या कस्टम्सचा विचार करतो, पण पार्सल आधी तिकडच्या कस्टम्समधून जाणार असतं. जर्मनीत माल साध्या आयातीसारखा सोडवला, तर १९ टक्के आयात-व्हॅट लागतो आणि त्याचं बिल वर्कशॉपच्या नाहीतर तुमच्या गळ्यात. युरोपियन युनियनमध्ये दुरुस्तीसाठी येणाऱ्या मालाला "इनवर्ड प्रोसेसिंग" नावाची वेगळी पद्धत आहे. माल आला, काम झालं, पुन्हा बाहेर गेला, तर आयात कर नाही. जपानमध्येही दुरुस्तीला आलेला माल एका वर्षाच्या आत परत जाणार असेल तर सवलत आहे.

म्हणून पार्सल पाठवण्याआधीच ईमेल करा: "माल तुम्ही कुठल्या पद्धतीनं सोडवून घेणार? इन्व्हॉइसवर कुठलं वाक्य हवं?" नेहमी परदेशी गिऱ्हाइकांचं काम करणाऱ्या वर्कशॉपकडे याचं तयार उत्तर असतं. उत्तरच आलं नाही, तर दुसरं वर्कशॉप शोधा.

त्याच ईमेलमध्ये परतीच्या कागदाचंही सांगून टाका. त्यांच्या बिलावर मजुरी वेगळी, पार्ट वेगळे, दोन्ही सिरीयल नंबर, आणि आपल्या शिपिंग बिलाचा नंबर हवा.

परत येताना: लिंक आली की थांबा

माझा कॅमेरा मुंबईत उतरला आणि फोनवर मेसेज आला: ड्युटी भरा, सोबत लिंक. रक्कम बघितली तर पूर्ण किमतीवर लावलेली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. परदेशातून आलेला खोका, आत कॅमेरा, इन्व्हॉइसवर किंमत. यंत्रणा तो नेहमीसारखा आयात म्हणूनच धरते.

मी पैसे भरले नाहीत. त्यांच्या क्लिअरन्स विभागाला एकाच ईमेलमध्ये सगळं पाठवलं: शिपिंग बिल, जातानाचा एअरवे बिल, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, सिरीयल नंबरचे फोटो, वर्कशॉपचं बिल, पैसे दिल्याची पावती, दोन्ही भाड्यांच्या आणि विम्याच्या पावत्या. वर चार ओळी: ही वस्तू दुरुस्तीनंतर परत येतेय, अधिसूचना ४५/२०१७ खाली सूट हवीय. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, शिपिंग बिल आहे ना, मग प्रश्न नाही. नसतं तर आम्हाला काहीच करता आलं नसतं." बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, नव्या हिशेबानं दाखल झाला आणि कॅमेरा सुटला.

इथे घाई का करायची नाही? कारण एकदा पूर्ण रकमेवर आकारणी होऊन पैसे भरले, की "चुकून जास्त भरले, परत द्या" एवढं म्हणून भागत नाही. आधी त्या आकारणीविरुद्धच अपील करावं लागतं, आणि कमिशनर (अपील्स) यांच्याकडे त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये आयटीसीच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. पाच-दहा हजारांसाठी हे कोण करत बसणार? मात्र उलट बाजूनं फार रेंगाळलात, तर गोदामाचं भाडं चढायला लागतं. तेव्हा फोल्डर आधीच तयार ठेवा आणि मेसेज आला त्याच दिवशी ईमेल टाका. पार्सल निघतानाच कागद पाठवलेत तर आणखी उत्तम.

आणि हो, हल्ली खोट्या कस्टम्सवाल्यांचे फोनही येतात. "तुमचं पार्सल अडकलंय, या नंबरवर पैसे टाका." कस्टम्स कोणाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर ड्युटी घेत नाही. खात्याच्या पत्रावर डिन नावाचा ओळख क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या साइटवर पडताळता येतो. लिंक खरी वाटली तरी कुरिअरच्या ॲपमध्ये जाऊन आपला एअरवे बिल नंबर टाका आणि तिथूनच पैसे भरा.

चार अडचणीच्या जागा

वॉरंटीत फुकट दुरुस्ती झाली तर? तरी खर्च शून्य धरत नाहीत. अधिसूचनेत स्पष्ट आहे: खर्च प्रत्यक्ष झाला असो वा नसो, वाजवी खर्च धरायचा. म्हणून बिलावर "शून्य" नको. "कामाची किंमत इतकी, वॉरंटीमुळे आकारली नाही" असं लिहून घ्या.

कंपनीनं दुरुस्तीऐवजी नवी वस्तू दिली तर? सिरीयल नंबर बदलला, म्हणजे वस्तू बदलली. ही सूट मग मागता येत नाही. फुकट मिळालेल्या नव्या लेन्सवर पूर्ण ड्युटी बसू शकते. म्हणून "बदलून देणार असाल तर आधी मला विचारा" हे वर्कशॉपला लिहून कळवा.

कार्नेवर पाठवता येईल का? एटीए कार्ने हा तात्पुरत्या नेण्या-आणण्याचा कागद, भारतात फिक्की देते. परदेशी शूटला, प्रदर्शनाला सामान न्यायला तो चांगला. दुरुस्तीसाठी तो नाही.

"मामेभाऊ जर्मनीत आहे, त्याच्या हाती दिला तर?" चालतं, पण नेणाऱ्यानं विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सच्या काउंटरवर वस्तू दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायला हवं, सिरीयल नंबरसकट. ते प्रवाशाच्या नावावर निघतं, म्हणून आणणाराही शक्यतो तोच हवा. तुम्ही स्वतः जाणार असाल तर हा रस्ता सगळ्यात स्वस्त. रांगेत अर्धा-पाऊण तास जाईल, तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा.

जाता जाता

दुरुस्ती करणारा कारागीर चांगला आहे का, याची चौकशी आपण दहा जणांकडे करतो. तेवढीच चौकशी "शिपिंग बिल मिळेल का?" याचीही करा. आज घरी गेल्यावर एक काम कराच, कॅमेरा बिघडलेला असो वा नसो: तुमच्या सगळ्या बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर फोटो काढून, बिलासोबत एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा. चोरीला गेला तर पोलिसांना, फुटला तर विमेवाल्याला, आणि परदेशी गेला तर कस्टम्सला, तिघांना दाखवायचा पुरावा हाच असतो.

हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याची लेन्स वर्षभर कपाटात "बघू कधीतरी" म्हणून पडलेली आहे. काही अडलं तर आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेतो. भेटू!